पुण्यातल्या घरांच्या किमती योग्य आहेत का? ८० लाखांच्या टू बीएचकेचा हिशेब

पुण्यातल्या घरांबद्दल इन्स्टाग्रामवर साधारण दोन प्रकारचे रील दिसतात. पहिल्यात कुणीतरी सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून सांगतं, की आज बुकिंग केलं नाही तर सहा महिन्यांनी हाच फ्लॅट दहा लाखांनी महाग मिळेल. दुसऱ्यात कुणीतरी कॅल्क्युलेटर उघडून पटवतं, की घर घेणं हा निव्वळ वेडेपणा आहे, भाड्याने राहा आणि उरलेले पैसे एसआयपीत टाका. दोन्हींच्या खाली कमेंट्समध्ये जोरदार भांडणं.

या भांडणात दोन प्रश्नांची सरमिसळ होते. किंमत एवढी का आहे, हा एक प्रश्न. आणि तेवढी किंमत देण्यासारखं त्या घरात काही आहे का, हा दुसरा. बिल्डर पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याचंही दिल्यासारखं दाखवतो. सिमेंट महागलं, जमीन महागली, हे खरंच आहे. पण त्यावरून हे घर तुम्हाला तेवढ्या किमतीचं आहे, असं ठरत नाही.

म्हणून आधी एक हिशेब मांडू.

८० लाखांचं घर खरं कितीला पडतं?

समजा, हिंजवडी-वाकडच्या पट्ट्यात बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत टू बीएचके आहे. करारावरची किंमत ८० लाख. (हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या व्यवहाराचे घालून पाहा, पद्धत तीच राहते.)

बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४ लाख. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार, असे एकूण ७ टक्के होतात. म्हणजे ५ लाख ६० हजार. घर महिलेच्या नावावर असेल तर यात १ टक्क्याची सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का असलं तरी त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. सगळं मिळून ८९ लाख ९० हजार. यात पार्किंग, क्लब हाऊस, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स वगैरे धरलेलंच नाही.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचं गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं, आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी त्या मूल्यात धरत नाहीत. म्हणजे ८० लाखांवर ६४ लाख कर्ज. उरलेले जवळपास २६ लाख स्वतःच्या खिशातून. बहुतेकांची गाडी इथेच अडते. ईएमआय परवडतो, पण २६ लाख रोख कुठून आणायचे? मग पीएफ मोडला जातो, गावाकडची जमीन विकली जाते, नाहीतर आईबाबांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लागतो. ‘स्वतःच्या कमाईचं घर’ यात दोन पिढ्यांची कमाई असते, आणि ते कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

६४ लाखांवर ८ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ५३ हजार ५०० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले जवळपास ४२ हजार ७०० रुपये निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटते जेमतेम ११ हजारांची. वीस वर्षांत बँकेला एकूण सुमारे १ कोटी २८ लाख जातात. म्हणजे जेवढं कर्ज, जवळपास तेवढंच व्याज.

हातात येणाऱ्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत हप्ता चालेल असं धरलं, तर घरात महिना १ लाख ७ हजार ते १ लाख ३४ हजार यायला हवेत. नवराबायको दोघंही आयटीत असतील तर हे जमतं. खासगी शाळेतली शिक्षिका आणि मेडिकल स्टोअर चालवणारा नवरा यांना नाही जमत. वर्षाला १५ लाख कमावणाऱ्या कुटुंबासाठी हे घर सव्वापाच वर्षांच्या उत्पन्नाएवढं आहे. ६ लाख कमावणाऱ्यासाठी तेच तेरा वर्षांच्या. शहर एकच, इमारतही एकच, पण ‘परवडतं का’ या प्रश्नाला दोन उत्तरं.

एवढी किंमत होते कशी?

बिल्डरची बाजू आधी ऐकू, कारण तिच्यात तथ्य आहे.

२००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाख १२ हजार होती, २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत ७० टक्के वाढ. पुणे महापालिकेची याच काळात २५ लाख ३८ हजारांवरून ३१ लाख २४ हजार. त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, पण हिंजवडी, खराडी, वाघोली पाहिलेल्या कुणालाही आकड्याची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलं इथेच नोकरीला लागली, परराज्यांतून इंजिनिअर आले, मुंबईकरांना ठाण्या-बोरिवलीच्या तुलनेत पुणं स्वस्त वाटलं. मागणी खोटी नाही.

जमीन मात्र त्या वेगाने बाजारात येत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. तिच्यावर इमारत उभी करायची तर विकास आराखड्यात ती निवासी पट्ट्यात असावी लागते, बिगरशेती व्हावी लागते, रस्ता असावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो, आणि बिल्डरचं कर्ज चालू असेल तर वेळ म्हणजे व्याज.

वर चटईक्षेत्राचा, म्हणजे एफएसआयचा खर्च. मूळ एफएसआय थोडाच मिळतो. त्यावर जास्त मजले हवे असतील तर महापालिकेला प्रीमियम भरून एफएसआय घ्यायचा, नाहीतर बाजारातून टीडीआर विकत घ्यायचा. बांधकाम परवानगीतून मिळणारा पैसा हा महापालिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे, आणि स्टॅम्प ड्युटी राज्य सरकारच्या. घरं महाग आहेत म्हणून सरकार चिंता व्यक्त करतं तेव्हा हेही लक्षात ठेवावं, की घर जेवढं महाग तेवढी सरकारची कमाई जास्त.

जीएसटीचं एक गणित सहसा कुणी सांगत नाही. एप्रिल २०१९ पासून घरांवरचा दर ५ टक्क्यांवर आला, पण बिल्डरला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, त्यानंतर १८ झाला. तो कर कुठे जातो? तुमच्या चौरस फुटाच्या दरात. म्हणजे दिसणारा कर ५ टक्के, आणि न दिसणारा किमतीतच मुरलेला.

परवडणाऱ्या घरांना १ टक्काच जीएसटी आहे. त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी. ही मर्यादा २०१९ मध्ये ठरली. तेव्हापासून दर कुठे गेले ते पाहा, म्हणजे पुण्यात या व्याख्येत बसणारा टू बीएचके शोधायला किती लांब जावं लागतं हे कळेल.

या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा. तो नेहमी मधल्यांच्याच खिशात जातो असंही नाही. हडपसरजवळचं मगरपट्टा सिटी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन बिल्डरला विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि त्या कंपनीचे भागधारक झाले. जमीन वाढली तसा फायदा त्यांच्याकडे राहिला. पुढे शहर ज्या गावांमध्ये पसरलं तिथल्या अनेकांनी एकरकमी पैसे घेतले आणि मोकळे झाले. दर दोन्हीकडे वाढले, पण त्याचा लाभ वेगळ्या लोकांना झाला.

मग भाडं इतकं कमी का?

आता दुसरा प्रश्न. त्याची सगळ्यात सोपी कसोटी भाडं आहे. भाडं म्हणजे त्या घरात आज राहण्याची किंमत. भाडेकरू पुढच्या मेट्रोसाठी किंवा दहा वर्षांनी होणाऱ्या रिंग रोडसाठी पैसे देत नाही. आज नळाला पाणी किती, ऑफिसला पोहोचायला वेळ किती, एवढंच तो बघतो.

आपल्या उदाहरणातल्या फ्लॅटला महिना २५ हजार भाडं धरू. वर्षाला ३ लाख. ९० लाख घालून ३ लाख, म्हणजे ३.३ टक्के. मेंटेनन्स आणि मिळकतकर मालकच भरतो. त्याचे वर्षाला ६० हजार वजा केले तर हातात २.७ टक्केच उरतात. बँकेतली साधी मुदत ठेव यापेक्षा बरी.

मालकाच्या बाजूने पाहा. पहिल्या वर्षी कर्जाचं व्याज सुमारे ५ लाख १० हजार. स्वतःचे २६ लाख अडकले, त्यावर ७ टक्के धरले तरी १ लाख ८० हजार बुडाले. मेंटेनन्स आणि कर ६० हजार. एकूण साडेसात लाख. भाडं वाचलं ३ लाख. उरलेले साडेचार लाख भरून निघायचे असतील तर ८० लाखांचं घर त्या वर्षात साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढायला हवं. तेवढं वाढलं तर तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला आलात. नफा त्याच्या पुढे.

म्हणजे दुसऱ्या रीलवाला बरोबर? पूर्ण नाही. भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता साधारण तोच राहतो. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर आजचं २५ हजारांचं भाडं सोळाव्या वर्षाच्या अखेरीस हप्त्याला गाठतं. त्यानंतर मालक फायद्यात असतो आणि विसाव्या वर्षी त्याचा हप्ता संपतो, भाडं मात्र चालूच राहतं. शिवाय ‘उरलेले पैसे एसआयपीत टाका’ हे सांगणं सोपं आहे. उरलेले पैसे खरोखर टाकणारे किती? हप्ता ही सक्तीची बचत आहे, आणि तिचं महत्त्व कॅल्क्युलेटरमध्ये येत नाही. घरमालकाने मे महिन्यात ‘मुलाचं लग्न ठरलंय, घर खाली करा’ म्हटल्यावर मुलांची शाळा बदलावी लागते, तेही येत नाही. जात, धर्म, ‘बॅचलर नको’ या कारणांनी ज्यांना भाड्याचं घरच मिळत नाही, त्यांच्यासाठी तर हा हिशेबच वेगळा आहे. (मी स्वतः भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे माझा कल कुठे झुकत असेल ते वाचताना धरून चाला.)

तरी भाडं आणि किंमत यांच्यातलं हे अंतर काहीतरी सांगतं. भाडं जर आजची किंमत असेल, तर उरलेला भाग उद्याच्या आशेचा आहे. प्रश्न असा, की ती आशा पुरी करायची जबाबदारी कुणाची?

जे अजून आलेलंच नाही, त्याचे पैसे

हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ या जाहिराती त्या मार्गावर लगेच दिसू लागल्या. २०२५ उजाडलं तरी या मार्गावर प्रवासी घेऊन एकही गाडी धावली नव्हती. मधल्या वर्षांत ज्यांनी घरं घेतली त्यांनी मेट्रोचे पैसे चौरस फुटाच्या दरात दिले, १ टक्का अधिभारात दिले, आणि रोज पेट्रोलमध्येही दिले.

पाण्याचं प्रकरण आणखी गंभीर आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पाच वर्षांनंतरही ते तसंच होतं. त्या पाच वर्षांत नव्या इमारतींना परवानग्या देणं थांबलं नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत घेतली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. अशा भागांत परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. इमारत सोसायटीकडे सोपवली की प्रत्यक्षात ती जबाबदारी रहिवाशांवर येऊन पडते. मग दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकरचं बिल दिसायला लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशय दूषित पाण्यावर गेला, विहिरी आणि टँकरच्या पाण्याचे नमुने तपासले गेले. ही गावं शहराच्या हद्दीत आली होती, तिथल्या फ्लॅटचे दर शहराच्या हिशेबाने लागत होते. खडकवासला धरण तिथून काही किलोमीटरवर आहे.

माझ्या मते पुण्याच्या किमतींवरचा खरा आक्षेप इथे आहे. कोथरूड किंवा औंधमध्ये घर महाग आहे, पण तिथे रस्ता, नळ, शाळा, दवाखाना, रिक्षा हे सगळं आहे. पंधरा-वीस वर्षं राहायचं असेल तर ती किंमत पटो न पटो, तिच्यात काय मिळतं ते दाखवता येतं. शहराच्या कडेच्या टॉवरमध्ये मात्र शहराचा दर, ७ टक्के ड्युटी आणि मिळकतकर देऊन वर पाणीही विकत घ्यावं लागतं. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणाऱ्या किमतीला मी योग्य म्हणणार नाही, तिची कारणं कितीही खरी असली तरी.

यावर ‘मग थोडं कमी दरात मिळतंय ना’ हे उत्तर येतं. मिळतं, पण फरक किती याचा हिशेब रोजच्या दोन-अडीच तासांच्या प्रवासासकट करावा.

किमती पडतील का?

बहुतेकांना याचंच उत्तर हवं असतं. तर, पुण्यातला अलीकडचा अनुभव असा, की भाव पडत नाहीत, थांबतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ मध्ये रेरा आला, जुलैत जीएसटी. त्या वर्षांत पुण्यातले दर बराच काळ जागच्या जागी राहिले. आकडा तोच दिसतो, पण मधल्या महागाईने त्याची खरी किंमत कमी झालेली असते. वर काढलेली साडेपाच टक्क्यांची अट आठवा. दर चार वर्षं थांबले तर मालकाला कागदावर तोटा दिसत नाही, प्रत्यक्षात तो झालेला असतो.

नंतर करोनात राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ३ टक्क्यांनी आणि मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केली. रेपो दर ४ टक्क्यांवर होता. थांबलेले खरेदीदार एकदम बाजारात आले. मे २०२२ पासून व्याजदर वाढले आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ टक्के झाला, तरी दर खाली आले नाहीत.

भाव खाली न येण्याचं एक कारण सरकारी कागदातच आहे. रेडी रेकनरच्या दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी किमतीत व्यवहार केला, तर तो फरक उत्पन्न समजून प्राप्तिकर खातं विकणाऱ्या बिल्डरकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांकडून कर मागू शकतं. त्यामुळे रेडी रेकनर हा जवळपास तळाचा दर ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये तो पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्क्यांनी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्क्यांनी वाढला.

त्यामुळे मंदीतही बिल्डर दर कमी करत नाही. तो मॉड्युलर किचन फुकट देतो, स्टॅम्प ड्युटी स्वतः भरतो, ‘पझेशनपर्यंत ईएमआय नाही’ म्हणतो. किंवा फ्लॅटच लहान करतो. घासाघीस करायची तर यातूनच वाट काढावी लागते.

कमी उत्पन्नवाल्यांसाठी एक दरवाजा आहे, त्याची माहिती अजून फार जणांना नाही. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के क्षेत्र लहान घरांसाठी राखून ठेवावं लागतं आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. पुणे मंडळाच्या सोडतीत खासगी बिल्डरांच्या इमारतींतले फ्लॅट दिसतात ते याच योजनेतले. अर्थात सोडत म्हणजे नशिबाचा भाग, आणि अर्ज घरांपेक्षा कितीतरी जास्त.

खरा भाव कुठे बघायचा?

पोर्टलवर दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला भाव. व्यवहार कितीला झाला हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ‘ई-सर्च’मध्ये फुकट पाहता येतं. गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते. दस्ताच्या सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात त्यात, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे करारातली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनुसार निघालेलं मूल्य. सेल्समनने ‘शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत, गेल्या आठवड्यात याच दराने गेले’ असं सांगितलं, तर त्याच इमारतीतले आधीचे दस्त काढून पाहा.

महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की ताबा द्यायची जाहीर केलेली तारीख, किती घरं विकली गेली, मंजूर नकाशे आणि कोर्टकज्जे दिसतात. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी तिथेच पोहोचता. दर नेहमी कार्पेटवर काढा, ‘सेलेबल’वर नाही. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही रेरातच आहे.

आणि एक काम वेबसाइटवर होत नाही. जी इमारत घ्यायची आहे तिच्या शेजारच्या, चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर एप्रिल-मे महिन्यात सकाळी जाऊन उभं राहा. किती टँकर आत जातात ते मोजा, आणि वॉचमनला विचारा की पावसाळ्यात किती येतात.